कुकरमधे सगळं एकदम टाकू नकोस, मग उसळ मऊ होईल

वाचकाचं पत्र: काकू, मी ३१ वर्षांचा, वाकडला राहतो. चार महिन्यांपूर्वी बायकोने दूध, दही, तूप सगळं बंद केलं, पूर्ण वीगन झाली. तिची शिफ्ट रात्री साडेनऊला संपते म्हणून सोमवार ते शुक्रवार रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. मी साडेसातला घरी येतो. उसळ करावी म्हटलं तर भिजवायचं विसरलेलं असतं, मग चवळी नाहीतर राजमा धुवून कांदा, टोमॅटो, चिंच, गूळ, मसाला सगळं एकदमच कुकरला लावतो. आठ शिट्ट्या काढल्या तरी दाणे टणक आणि पाणी वेगळं. परत शिट्ट्या काढतो आणि शेवटी कंटाळून बाहेरून मागवतो. तिला गॅसेसचा त्रासही होतो. आई म्हणते आदल्या रात्री भिजवल्याशिवाय कडधान्य होतच नाही. तासाभरात होईल असं काही आहे का?

अरे, सगळ्यात आधी तुझ्या चिंचेबद्दल बोलूया, कारण पत्र वाचताना मी तिथेच थांबले. तुला वाटतंय की भिजवलं नाही म्हणून दाणे टणक राहतात. ते थोडं खरं आहे, पण तुझा मोठा घोटाळा वेगळाच आहे, तू आंबट आधी घालतोस. दाण्याच्या आतल्या भिंतींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा एक चिकट पदार्थ असतो, जॅम घट्ट होतो ना तो ह्याच्यामुळेच, आणि दाणा शिजतो म्हणजे हे पेक्टिन पाण्यात विरघळतं. पाण्यात चिंच, कोकम, टोमॅटो असं काही आंबट असलं की ते विरघळायलाच तयार होत नाही. गुळाचंही तसंच, त्यातली साखर आणि कॅल्शियम दोन्ही दाण्याला घट्ट धरून ठेवतात. म्हणजे तू एकीकडे शिट्ट्या काढत होतास आणि दुसरीकडे त्याच कुकरमधे दाणा शिजू नये ह्याची व्यवस्था करून ठेवली होतीस, मग आठ काय आणि बारा काय.

त्यामुळे पहिला बदल एवढाच कर, कुकरमधे फक्त कडधान्य, पाणी, चिमूटभर हळद, थोडं मीठ आणि चमचाभर तेल. बाकी सगळं बाहेर, कढईत. मीठ आधी घातलं तर दाणे शिजत नाहीत असं आपल्याकडे सगळे सांगतात, मीही कितीतरी वर्षं मीठ शेवटीच घालत होते, पण मिठाने तसं काही होत नाही, उलट भिजवतानाच्या पाण्यात मीठ घातलं तर सालं जास्त मऊ होतात. तेल फेसासाठी, कडधान्याचा फेस वर येऊन शिट्टीच्या भोकात अडकतो, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर कधी भरायचा नाही.

आता भिजवण्याचं. तुझ्या आईचं चुकीचं नाहीये, पण "आदल्या रात्री भिजव" हे दुपारच्या जेवणाचं गणित आहे रे. आमच्या घरी रात्री भिजत घालायचे आणि सकाळी दहाला उसळ व्हायची, डबे निघायचे. तुझी उसळ होते रात्री आठला. मग तू रात्री कशाला आठवण ठेवतोस, सकाळी चहाचं आधण ठेवलंस की त्याच ओट्यावर एका पातेल्यात वाटीभर चवळी धुवून पाण्यात टाक, चिमूटभर मीठ टाक, झाकण ठेव आणि जा ऑफिसला. परत येईपर्यंत अकरा-बारा तास झालेले असतात. चहा काही तू विसरत नाहीस, त्याला हे जोडून टाक. एप्रिल-मेमधे मात्र पातेलं फ्रीजमधे ठेव, बाहेर ठेवलंस तर संध्याकाळपर्यंत पाण्याला फेस येतो आणि वास मारतो.

आणि विसरलास तर विसरलास. त्या दिवशी राजमाच्या डब्याला हात लावायचा नाही, बस. सगळी कडधान्यं एका माळेत ओवायची नसतात. अख्खा मसूर, अख्खे मूग आणि चवळी ही तीन न भिजवता शिजतात. राजमा, छोले, पांढरे वाटाणे, वाल, पावटे ही भिजवल्याशिवाय करायचीच नाहीत, आणि ह्यातल्या राजमाबद्दल मला जरा कडक बोलायचंय. अर्धवट शिजलेला राजमा नुसता टणक लागत नाही, तो बाधतो. त्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचा घटक असतो, चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी दोन-तीन तासांत उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू होऊ शकतात. नीट भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळ उकळवून पूर्ण मऊ शिजवला की काही भीती नाही, कुकरमधे तर साधारण १२० अंशांपर्यंत तापमान जातं त्यामुळे प्रश्नच मिटतो. पण दाणा मधे पांढरा खडूसारखा राहिलेला असेल तर "चालतंय की, भूक लागलीये" म्हणून खायचा नाही, परत कुकरला लावायचा. माझे परदेशातले काही वाचक स्लो कुकर वापरतात, त्यांनाही हेच सांगते, त्यात राजमा कच्चा टाकू नका, आधी गॅसवर निदान दहा मिनिटं खळखळून उकळा किंवा सरळ डब्यातला शिजवलेला घ्या.

आता तुझी सोमवारची उसळ सांगते, अख्खा मसूर. कराड-सांगलीकडे हायवेने गेलास तर ढाब्यांवर ह्याच्या पाट्याच पाट्या दिसतील, रोटीबरोबर खातात, मी भाकरीबरोबर करते. आणि मसुराइतकं थकल्या जिवाला समजून घेणारं कडधान्य दुसरं नाही.

दोघांना आमटीची एक वाटी मसूर पुरतो, साधारण सव्वाशे ग्रॅम. घरात आलास की कपडे बदलायच्या आधी तो दोनदा धुवून गरम पाण्यात टाक. हातपाय धुवून येईपर्यंत जी दहा-पंधरा मिनिटं मिळतील तेवढी बास. मग ते पाणी ओतून दे, तीन वाट्या नवं पाणी, हळद, अर्धा चमचा मीठ, तेल, आणि कुकर लाव. इथे एक गोष्ट लक्षात ठेव, शिट्ट्या मोजू नकोस, मिनिटं मोज. एक कुकर पटापट शिट्ट्या देतो, दुसरा गुरगुरत बसतो, माझ्याकडे दोन आहेत आणि दोघांच्या चार शिट्ट्यांत पाच मिनिटांचा फरक पडतो. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक कर आणि घड्याळ लाव, मसुराला आठ ते दहा मिनिटं. मग बंद. वाफ आपली आपण जाऊ दे, चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढायची घाई करू नकोस, त्या शेवटच्या दहा मिनिटांतही दाणा शिजतच असतो आणि एकदम दाब सोडला तर सालं फुटून सगळं गरगट होतं.

कुकर चालू असतानाच शेजारच्या शेगडीवर कढई. दोन मोठे चमचे तेल, तेलात कंजूषपणा करू नकोस, तूप नाही बटर नाही तर मसाल्याची चव धरायला तेवढं तरी पाहिजेच. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि एक मोठा कांदा बारीक चिरून. हा कांदा हीच ह्या उसळीतली खरी मेहनत आहे. तू बहुतेक कांदा गुलाबी झाला की पुढे जात असशील, नको जाऊस, सात-आठ मिनिटं दे त्याला, मधे मधे हलव, कडा तपकिरी दिसायला लागल्या, कढईच्या बुडाला थोडं लागायला लागलं आणि कांद्याचा वास गोडसर झाला की मग आलं-लसूण पेस्ट एक चमचा. कांदा बुडाला फारच धरला तर पाण्याचा एक हबका मार, खरवडून घे, ती खरवडच रश्श्याला रंग देते. मग एक टोमॅटो. इथे टोमॅटो चालतो, कारण मसूर तिकडे आधीच शिजलाय, आता त्याचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. टोमॅटो गळून कडेने तेल सुटलं की कांदा-लसूण मसाला दोन छोटे चमचे, आणि दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट. कूट करपतं, म्हणून अर्धा मिनिट परतून लगेच शिजलेला मसूर त्याच्या पाण्यासकट कढईत ओत.

ते पाणी फेकायचं नाही बरं का, भिजवलेलं फेकायचं, शिजवलेलं ठेवायचं. लोक उलटं करतात.

आणि आता तुझी दुसरी तक्रार, पाणी वेगळं दाणे वेगळे. उसळ मिळून यायला लागते रे, आणि ती आपोआप येत नाही. डावाची मागची बाजू घे आणि कढईच्या कडेला डावभर दाणे दाबून चेच. सगळे नाही, पाच-सहा वेळा डाव दाबलास की पुरे. त्या चेचलेल्या दाण्यांतला पिठूळपणा रश्श्यात उतरतो, त्यात शेंगदाण्याचं कूट असतंच, मग मध्यम गॅसवर पाच-सहा मिनिटं उकळलं की तुला डोळ्यांनी दिसेल, आधी वर नुसतं पाणी उकळत असतं, बुडबुडे लहान आणि भराभर फुटणारे, आणि मग हळूहळू बुडबुडे मोठे, आळशी होतात, रस्सा डावाला धरतो. तिथे गॅस बंद. मीठ बघ. मग लिंबू पिळ किंवा दोन आमसुलं टाक, वर कोथिंबीर. धुण्यापासून ताटापर्यंत पाऊण तास, त्यातली उभं राहून करायची वीस मिनिटं, बाकी वेळ कुकर त्याचं काम करतो आणि तू भाकरी थाप नाहीतर भात लाव.

वेगळी चव हवी असेल तर पद्धत हीच ठेव आणि मसाला बदल. चवळी असेल तर कांदा-लसूण मसाल्याऐवजी भाजलेला कांदा आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाला आणि शेवटी कोकम. गोव्याला अळसांद्यांचं तोणाक करतात, चवळीचेच भाऊबंद, भाजलेल्या मसाल्याचं दाट आणि पावाबरोबर खायचं, ते एकदा करून बघ, फक्त पावाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाच, काही पावांत दुधाची पावडर असते. मुगाला गोडा मसाला आणि गुळाचा खडा, अर्थात शिजल्यावर. न भिजवलेल्या चवळीला बारीक गॅसवर अठरा-वीस मिनिटं लागतात, सकाळी भिजवलेली असेल तर आठ पुरतात. अख्ख्या मुगाला न भिजवता बारा-एक मिनिटं. वाटण रोज करायला कोणाला वेळ आहे, रविवारी दोन नारळांचं करून बर्फाच्या ट्रेमधे गोठव आणि दोन-दोन खडे काढत जा.

मोड आलेली मटकी तर कुकरमधे घालूच नकोस, लगदा होतो. ती कढईत फोडणीवर परतायची, पाण्याचा हबका मारायचा आणि वर खोलगट झाकण ठेवून त्या झाकणात पाणी ओतायचं. तुझ्या आजीने हे केलेलं तू पाहिलं असशील. झाकण वरून थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून परत थेंब होऊन खाली पडते, म्हणजे मटकी तिच्याच वाफेवर शिजते आणि बुडाला लागत नाही. पाणी कमी वाटलं तर झाकणावरचं जे गरम झालेलं पाणी असतं तेच आत ओतायचं, त्याने उकळी मोडत नाही. दहा-बारा मिनिटांत होते, दाणा दाबला जातो पण आकार सोडत नाही. बाजारात मोड आलेली मटकी तयार मिळते, ती आण की, त्यात काहीही कमीपणा नाही, फक्त दोन-तीन दिवसांत संपव आणि बुळबुळीत वाटली तर टाकून दे.

राजमा-छोल्यांसाठी रविवार. अर्धा किलो शनिवारी रात्री भिजव, रविवारी सकाळी नुसत्या मिठाच्या पाण्यात शिजव, राजमाला पहिल्या शिट्टीनंतर वीसेक मिनिटं. गार झाला की त्याच्याच पाण्यासकट चार डब्यांत भरून फ्रीझरमधे. अर्धा किलोचा शिजून दुपटीच्या वर होतो, दोघांच्या चार जेवणांची सोय झाली. सकाळी डबा खाली फ्रीजमधे काढून ठेवलास की रात्री फक्त फोडणी, वीस मिनिटांत जेवायला बसाल. आणि राजमाच आणायचा तर एकदा वाघ्या घेवडा आण, साताऱ्याकडचा, कोरेगाव तालुक्यात पिकतो, २०१६ मधे त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकनही मिळालंय. फिकट दाण्यावर लालसर पट्टे, वाघासारखे, शिजवले की पट्टे जातात पण चव इतकी गोडसर आणि दाणा इतका मऊ की मी पहिल्यांदा केला तेव्हा मसाला निम्मा कमी केला. तोही राजमाच्याच जातीचा, म्हणून भिजवण्या-शिजवण्याचे नियम तेच.

इतकं करूनही दाणे टणक राहिले तर दोन गोष्टी तपास. एक, कडधान्य किती जुनं आहे. वर्ष-दोन वर्षं डब्यात पडलेलं कडधान्य कितीही शिजवा, मऊ होत नाही, आणि भिजवल्यावर जे दाणे तसेच टणक, न फुगलेले राहतात त्या गणंगांना वेचून बाहेर काढ, एक दातात आला की सगळ्या घासाची मजा जाते. म्हणून महिन्याला लागेल तेवढंच आण, ऑफरमधे पाच किलो नको. दुसरं, पाणी. तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते जड असतं, त्यातलं कॅल्शियम पुन्हा तेच करतं, पेक्टिन विरघळू देत नाही. भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं प्यायचं पाणी घे, साध्या फिल्टरने कॅल्शियम जात नाही, फरक पहिल्याच दिवशी कळेल. सोडा घालायचा मोह होईल, सोड्याने दाणे मऊ होतात हे खरंच आहे, पण बी-१ जीवनसत्त्व जातं आणि जरा जास्त पडला की साबणासारखी चव येते, मी घालत नाही.

आता तिच्या गॅसेसचं. कडधान्यात काही साखरा अशा असतात ज्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या खातात आणि गॅस होतो. भिजवलेलं पाणी फेकलं की त्यातला काही भाग जातो, आणि दाणा पूर्ण शिजला की पोटाला सोपं पडतं, तू चार महिने तिला अर्धकच्चं खायला घालत होतास हे लक्षात घे. हिंग, आलं, जिरं सढळ हाताने घाल. पण मुख्य म्हणजे एकदम रोज वाटीभर राजमा नको. मुगापासून सुरुवात कर, मग मसूर, अर्धी अर्धी वाटी, आतड्यांना सवय व्हायला थोडे आठवडे लागतात, मग चवळी, राजमा आणि छोले सगळ्यात शेवटी. रात्री दहाला जेवून ती लगेच झोपत असेल तर राजमा शनिवार दुपारसाठीच ठेव.

आणि एक गोष्ट जी उसळीने होणार नाही. बी-१२ जीवनसत्त्व कडधान्यात नसतं, कुठल्याच भाजीत भरवशाचं नसतं, दूध बंद केलं की ते गोळीतून नाहीतर बी-१२ वरून घातलेल्या पदार्थांतून घ्यावं लागतं. तिने अजून तपासलं नसेल तर डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासा आणि गोळी विचारून घ्या, हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका, बी-१२ कमी झालेलं लवकर कळत नाही आणि हातापायांना मुंग्या यायला लागेपर्यंत थांबायचं नसतं. दुधाचं कॅल्शियम गेलं त्यासाठी नाचणीची भाकरी कर, उसळीत कुटाबरोबर चमचाभर भाजलेले तीळ वाटून घाल. लिंबू मी वर सांगितलं ते नुसतं चवीसाठी नाही, कडधान्यातलं लोह अंगी लागायला ते मदत करतं, आणि चहा उलटं करतो, म्हणून जेवणावर लगेच चहा नको.

सासूबाईंना, म्हणजे तुझ्या आईला, काळजी वाटत असेल की दूध-तूप नाही तर सून खाते काय. त्यांना वाद घालून समजावू नकोस, एकदा रविवारी ही मसुराची उसळ कर, आणि त्यांना विचार की तुमच्या वेळी हिच्यात तूप कुठे होतं. तेल, खोबरं, दाण्याचं कूट, आपली उसळ कधीपासूनच अशी आहे.

तिच्या वाटणीची उसळ मात्र आंबट घालायच्या आधी बाजूला काढून ठेव. साडेआठला केलेली उसळ दहापर्यंत घट्ट होते, दाणे रस्सा पिऊन घेतात, म्हणून ती दार उघडून आत आली की कढई परत गॅसवर, अर्धी वाटी गरम पाणी, गार नको, एक उकळी, आणि लिंबाची फोड ताटात वेगळी ठेव, पिळेल तिची ती.